परदेशीं विद्यार्थ्याचें पोट व त्याचे डोळे

जवळा बाजार हें परभणी-हिंगोली रस्त्यावरील व्यापाराचें गांव. येथील आडतीवर बसणाऱ्या मनुष्यास हळकुंड हातांत घेऊन त्याचा भाव सांगतां येतो, सोयाबीन दांताखालीं फोडून त्यांतील ओल ओळखतां येते, आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून उधारी कितपत द्यावी हेंही कळतें. अशा या हिशेबी गांवांत व आसपासच्या खेड्यापाड्यांत अलीकडे एक नवा हिशेब ऐकूं येऊं लागला आहे. तो म्हणजे मुलास अथवा मुलीस परदेशीं शिकावयास धाडण्याचा. विद्यापीठाचें शुल्क किती, विमानाचें भाडें किती, ब्यांकेचें व्याज कोणत्या महिन्यापासून चढूं लागतें, तारण शेत द्यावें कीं घर, जामीन कोण राहील, या गोष्टींचा खल रात्रीं उशिरापर्यंत चालतो. आणि तो चालावा हें योग्यच आहे. परंतु हा आंकड्यांचा कागद आम्हीं जेव्हां जेव्हां पाहिला, तेव्हां तेव्हां एक गोष्ट आमच्या नजरेंत भरली. मुलाच्या जेवणाचें कलम त्यांत अगदीं तळाशीं, तेंही 'किरकोळ' या सदराखालीं असतें. आणि ज्या देशांत तो दोन वर्षें राहावयाचा, त्या देशांतील कांहीं पाहावें, ऐकावें, तेथील माणसांच्या पंक्तीस बसावें, यासाठीं कलमच नसतें. बैल विकत घेतांना आमचा शेतकरी कडब्याचा विचार आधीं करितो. मुलाच्या बाबतींत ही दूरदृष्टि कोठें जाते?

परवां एका सुस्थितींतील गृहस्थांनीं आपल्या मुलाचें छायाचित्र आम्हांस दाखविलें. मुलगा जर्मनींत शिकत आहे. चित्रांत तो एका नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर दोन सहाध्यायांबरोबर उभा आहे. "व्याज आम्ही भरावं आन् यानं तिथं नाटकं बघावी!" असें ते गृहस्थ संतापून म्हणाले, व हेंच त्यांनीं मुलासही फोनवर ऐकविलें होतें. आम्हीं त्यांस विचारिलें, तिकीट कितीचें होतें? तें त्यांस ठाऊक नव्हतें. मुलगा दुपारीं काय जेवतो? तेंही ठाऊक नव्हतें. त्याच्या मातोश्री जवळच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी रोज पुसते, अन् तो रोज म्हणतो, जेवलो." खरें सांगावयाचें तर आम्हांस त्या चित्रांत नाट्यगृहाच्या आधीं त्या मुलाच्या गळ्याजवळचीं वर आलेलीं हाडेंच दिसलीं.

आमचें मत या गृहस्थांच्या मताहून निराळें आहे, व तें आज स्पष्टपणें मांडणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. परदेशीं गेलेल्या विद्यार्थ्याचें अन्न व त्याचें हिंडणें-पाहणें हीं शिक्षणावरील फाजील खर्चाचीं कलमें नसून शिक्षणाचींच अंगें आहेत. जो बाप यांवर कात्री चालवितो, तो विकत घेतलेल्या मालाचा अर्धा भाग गाडींतच सोडून येतो.

हा प्रश्न आजचा नाहीं. परदेशगमनाच्या आड पूर्वीं जी भिंत उभी होती ती मुख्यतः अन्नाचीच होती. समुद्र ओलांडला म्हणजे कोणाच्या हातचें काय पोटांत जाईल कोण जाणे, या भयानें जातींच्या जाती आपल्या तरुणांस वाळींत टाकीत. महात्मा गांधी १८८८ सालीं बॅरिस्टरीसाठीं लंडनास निघाले तेव्हां त्यांच्या जातीनें मुंबईस सभा भरवून त्यांस बहिष्कृत केलें. पुण्यास तर समुद्राचीही गरज पडली नाहीं. १८९० च्या ऑक्टोबरांत पंच हौद मिशनमध्यें व्याख्यानास जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक हेही त्या मंडळींत होते. पुढें नांवें वृत्तपत्रांत छापून आलीं आणि एका पेल्यावरून केवढें ग्रामण्य माजलें हें महाराष्ट्रास ठाऊकच आहे. नांवें छापविण्याच्या कामीं ज्यांचा हात होता ते गोपाळराव जोशी म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पति. आणि आनंदीबाईंचीच हकीकत आमच्या विषयास सर्वांत जवळची आहे.

आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्यें न्यूयॉर्कास उतरल्या. वय अवघें अठरा. आपला आहार व आपला वेष सोडावयाचा नाहीं असा त्यांचा निश्चय होता. न्यू जर्सींतील रोझेल या गांवीं मिसेस कार्पेंटर यांच्या घरीं त्या उतरल्या, आणि त्या माउलीनें त्यांस पोटच्या मुलीप्रमाणें वागविलें. तेथें आनंदीबाईंनीं आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून अमेरिकन पाहुण्यांस जेवूंही घातलें. परंतु पुढें फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत दाखल झाल्यावर थंडगार खोली, धूर कोंडणारी चूल, स्वतःच शिजवून खाणें आणि त्यावर वैद्यकाचा अभ्यास, असा क्रम सुरू झाला. प्रकृति ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडांतून मुद्दाम गेल्या होत्या. पुढें वर्षही पुरें झालें नाहीं तोंच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें आनंदीबाईंचा अन्त झाला. वयाचीं बावीस वर्षेंही भरलीं नव्हतीं. केवळ आहारामुळें त्या गेल्या असें आम्ही म्हणत नाहीं. क्षयावर त्या काळीं औषधच नव्हतें. परंतु ज्या विदुषीस सबंध महाराष्ट्रानें पुढें डोक्यावर घेतलें, ती रोज काय खाते व तिच्या चुलीस धुराडें आहे कीं नाहीं, याची चौकशी त्या वेळीं किती जणांनीं केली? ती कोणत्या जातीच्या हातचें खाते, ही चौकशी मात्र पुष्कळांनीं केली असेल.

आतां अन्नानें दार कसें उघडतें याचें उदाहरण पाहूं. गांधी लंडनास गेले तेव्हां मांस न खाण्याची शपथ त्यांनीं आईजवळ घेतली होती. बिऱ्हाडाच्या घरीं मिळणाऱ्या मिळमिळीत भाज्यांनीं त्यांचें पोट भरेना. शाकाहारी भोजनगृह कोठें मिळतें का, हें शोधीत ते दररोज दहा-बारा मैल पायीं हिंडत, आणि अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांस तें सांपडलें. इंग्लंडांतील आपलें पहिलें पोटभर जेवण तेथें झालें असें त्यांनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. तेथेंच शाकाहारावरील पुस्तक हातीं आलें, त्यांतून शाकाहारी मंडळाशीं ओळख झाली, मंडळाच्या कार्यकारिणींत जागा मिळाली. आणि ज्या लाजाळू तरुणास चारचौघांत तोंड उघडतां येत नसे, त्याचें सार्वजनिक काम तेथें सुरू झालें. शोध होता जेवणाचा. त्यांत शहर समजलें, माणसें मिळालीं.

बॅरिस्टरीच्या अभ्यासक्रमांत तर जेवणें हाच एक विषय होता, हें आमच्या व्यापारी वाचकांस ऐकून मौज वाटेल. विद्यार्थ्यास बारा सत्रें भरावीं लागत, आणि सत्र भरणें म्हणजे त्या सत्रांतील सुमारें चोवीस मेजवान्यांपैकीं निदान सहांस हजर राहणें. चौघांच्या मेजावर दारूच्या दोन बाटल्या येत. गांधी पीत नसल्यामुळें आपल्या चौकडींत ते असावे अशी इतरांची धडपड असे! या जेवणांनीं मनुष्य अधिक चांगला बॅरिस्टर कसा होतो हें आपणांस कळलें नाहीं, अशी कबुली त्यांनींच दिली आहे. तरी या चालीचें मूळ असें कीं, नवशिक्यानें जुन्या वकिलांच्या शेजारीं बसावें, त्यांचें बोलणें ऐकावें. ग्रंथांत न मिळणारें पंगतींत मिळतें ही समजूत आपल्याकडेही आहेच. आपण ती फक्त लग्नाच्या पंगतीपुरती ठेविली आहे.

येथें कोणी आम्हांस अडवून म्हणेल, कीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उपाशी राहून शिकले, मग आमच्या मुलांस हे लाड कशाला? हा आक्षेप वजनदार आहे. बाबासाहेब १९१३ सालीं न्यूयॉर्कास कोलंबिया विद्यापीठांत गेले ते सयाजीराव गायकवाड महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि तींतूनच घरच्यांसही पैसे धाडावे लागत. १९२० सालीं पुन्हां लंडनास गेले ते साठविलेल्या पगारावर, छत्रपति शाहू महाराजांच्या साह्यावर व आपले पारशी मित्र नवल भथेना यांजकडून घेतलेल्या कर्जावर. सकाळीं बिऱ्हाडाची अपुरी न्याहारी, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचें वाचनालय, रात्रीं भूक अनावर झाली म्हणजे भाजलेले चार पापड, असे दिवस त्यांनीं काढिले. परंतु हें वाचून आमच्या मनांत येतें तें असें, कीं ज्या देशाच्या घटनेचा तो पुढें शिल्पकार झाला, त्या देशानें त्यास पापडावर ठेविलें ही देशास लाज आहे. ती आमच्या मुलांसाठीं खर्चाची पद्धत होऊं शकत नाहीं. असाधारण पुरुषानें सोसलेली उपासमार पुढें करून साधारण मुलाचा घांस कमी करणें हा तर्क आम्हांस मान्य नाहीं. आज महाराष्ट्र सरकारची परदेश शिष्यवृत्ति राजर्षि शाहू महाराजांच्या नांवें दिली जाते, आणि तींत शुल्काबरोबर निर्वाहभत्ताही मिळतो. लंडनांतील किंग हेन्रीज रोडवरील ज्या दहा क्रमांकाच्या घरांत बाबासाहेब राहिले, तें घर २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें विकत घेतलें व तेथें स्मारक केलें. लंडनास गेलेल्या आमच्या मुलानें एक रविवार त्या घरासाठीं काढावा, आणि बापानें त्याचें गाडीभाडें कुरकूर न करितां द्यावें.

पाहण्याहिंडण्याचें फळ काय, असा प्रश्न व्यापारी मनुष्य विचारणारच. त्यास आम्ही पंडिता रमाबाईंचें उदाहरण देतों. १८८६ सालीं अमेरिकेस पोहोंचल्यावर बाई तेथें दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. फिलाडेल्फियास बालोद्यानाची शिक्षणपद्धति पाहिली व शिकल्या. गांवोगांव फिरल्या, लोकांच्या घरीं उतरल्या, स्त्रियांच्या संस्था पाहिल्या. परत येतांच १८८९ च्या मार्चांत मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन उघडिलें, व त्याच सालीं अमेरिकेच्या लोकस्थितीवर व आपल्या प्रवासावर मराठींत ग्रंथ लिहिला. खुद्द सयाजीराव महाराजांनीं अमेरिकेंतील ग्रंथालयें पाहिलीं, तेथून बॉर्डन नांवाचा तज्ज्ञ १९१० सालीं बडोद्यास आणिला, आणि खेड्यापर्यंत फुकट वाचनालयें पोहोंचविलीं. हे कांहीं गंमत पाहावयास गेलेले लोक नव्हते. परंतु डोळे मिटून खोलींत बसले असते तर यांतलें कांहींच झालें नसतें. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यांत होता, त्या राज्याच्या शिष्यवृत्तीवर सोळा वर्षांच्या सरोजिनीबाई १८९५ सालीं इंग्लंडास गेल्या. त्या पदवी न घेतांच परतल्या हें खरें. परंतु एडमंड गॉस या साहित्यिकाच्या घरीं जाण्यायेण्यांत त्यांस जो सल्ला मिळाला, कीं इंग्लंडच्या पांखरांवर कविता करूं नका, आपल्या देशावर करा, तो कोणत्याही वर्गांत मिळाला नसता. पदवीवांचून परतलेली मुलगी आमच्या बाजारांत चालणार नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणून हें उदाहरण फार ताणीत नाहीं.

आतां प्रत्यक्ष खर्चाकडे वळूं. मुलें परदेशीं जें पाहतात तें फार महाग असतें ही समजूत बव्हंशीं चुकीची आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमचे संग्रह २००१ पासून सर्वांस विनाशुल्क पाहतां येतात. लंडनास 'प्रॉम्स' नांवाचे संगीताचे जलसे १८९५ पासून चालत आले आहेत. त्यांत उभ्यानें ऐकणारांस स्वस्त जागा ठेवण्याची चाल आहे. जर्मनींतील नाट्यगृहें विद्यार्थ्यांस सवलतीचीं तिकिटें देतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची एक गोष्ट तर मराठवाड्याच्या मुलास मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १८७२ ते १८८५ या काळांत जॉन ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या मोठमोठ्या नकला करविल्या व त्या लंडनास धाडिल्या. त्यांतील बऱ्याच १८८५ च्या आगींत जळाल्या. उरल्या त्या या संग्रहालयाच्या संग्रहीं आहेत. अजिंठा येथून एका दिवसाच्या वाटेवर असून आमच्यापैकीं किती जणांनीं तो पाहिला आहे हें विचारूं नये. पण सातासमुद्रांपलीकडे गेलेल्या मुलास आपल्याच मुलखाची थोरवी कळली तर तेंही थोडें नव्हे.

जेवणाचेंही तसेंच. जर्मन विद्यापीठांत 'मेन्सा' नांवाचें भोजनगृह असतें. तेथें विद्यार्थ्यास बाहेरच्याहून कमी दरांत ऊन जेवण मिळतें, व शेजारीं निरनिराळ्या देशांचीं मुलें बसतात. 'बाहेरचें खाऊं नको' असा आमच्या घरांतून जो आदेश सुटतो, तो या भोजनगृहासही लागू होतो, आणि मुलगा खोलींत एकटा बसून कोरडा पाव खातो. जर्मन सरकारनें २०२४ सालीं विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठीं दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षास ११,९०४ युरो, आगाऊ खात्यांत ठेवण्याचा दंडक घातला. परक्या सरकारनें आमच्या मुलाच्या पोटाचा हिशेब मांडावा आणि आम्हीं ती रक्कम केवळ परवान्यासाठीं दाखवावयाची समजावी, हें विचित्र नव्हे काय? ती रक्कम खाण्यासाठीं आहे.

हळदीच्या व्यापाऱ्यांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें आहे. आणि तिकडे युरोप-अमेरिकेच्या उपाहारगृहांत हळदीचें दूध 'गोल्डन मिल्क' या नांवानें विकलें जातें. आपल्या आजीनें खोकल्यावर दिलेला काढा तेथें पेल्याच्या भावानें जातो. १९९५ सालीं तर जखमेवर हळद लावण्याच्या युक्तीचें अमेरिकेंत पेटंटच दिलें गेलें होतें. डॉक्टर माशेलकर प्रमुख असतांना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने ग्रंथ पुढें ठेवून तें १९९७ सालीं रद्द करविलें. जो मुलगा तेथील बाजार हिंडेल, दुकानांतील बाटलीवरील चिठ्ठी वाचील, कोणत्या देशाची हळद कोणत्या भावानें विकली जाते हें पाहील, तो परत आल्यावर आडतीच्या गादीवर बसला तरी निराळा बसेल. हें ज्ञान विद्यापीठ देत नाहीं, आणि त्यास शुल्कही पडत नाहीं.

कर्जाची भीति आम्ही हलकी मानीत नाहीं. दोन वर्षें पाऊस हुकला तर व्याज थांबत नाहीं, हें ज्याच्या सात-बाऱ्यावर बोजा चढला आहे त्यास आम्हीं शिकवावें असें नाहीं. म्हणूनच आमचें म्हणणें असें कीं, हा खर्च चोरटा ठेवूं नये. आरंभींच्या कागदावरच तो उघड मांडावा. जेवणास अमुक, पाहण्यास महिन्याकांठीं अमुक, आणि तेवढ्याचा जाब विचारूं नये. उघड कलम नसलें म्हणजे मुलगा एक तर उपाशी राहतो, नाहीं तर खोटें बोलतो. दोन्ही गोष्टी व्याजाहून महाग पडतात.

मुलांचाही दोष आहे, व तो झांकावयाचा आमचा हेतु नाहीं. कित्येक विद्यार्थी परदेशीं जाऊन आपल्याच गांवच्या, आपल्याच भाषेच्या, आणि सांगावयास लाज वाटते, आपल्याच जातीच्या सोबत्यांची खोली शोधितात. तीन वर्षें राहून शेजाऱ्याच्या घरचा उंबरठा पाहिलेला नसतो. पंच हौदाचा पेला आम्हीं येथें फोडला खरा, पण त्याचे तुकडे सामानांत बांधून नेले. अमेरिकेंतील सिएटल शहरास २०२३ च्या फेब्रुवारींत जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो कोणाच्या येण्यामुळें, हें वाचकांनींच समजून घ्यावें. दुसऱ्या प्रकारचे विद्यार्थी प्रत्येक प्रेक्षणीय स्थळापुढें उभे राहून छायाचित्र काढितात आणि आंत पाऊल टाकीत नाहींत. अशांच्या बापानें रागवावें. आमची हरकत नाहीं. मराठी मंडळें परदेशीं आहेत, लंडनचें महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचें आहे. तेथें गणपतीस जावें, पुरणपोळी खावी, मन हलकें करावें. परंतु तेवढ्यावरच थांबावयाचें असेल तर येथील गणपति काय वाईट होता?

आणि आतां ज्या गोष्टीवर आम्हांस सर्वांत अधिक बोलावयाचें आहे ती. परदेशीं जाणारा आमचा मुलगा इंग्रजी परीक्षेची तयारी सहा महिने करितो, पण निघतांना त्यास वरणास फोडणी देतां येत नाहीं. आई भाकरी थापते तेव्हां तो शेजारीं बसून फोन पाहतो. मुलीस हें सक्तीनें शिकविलें जातें, आणि मुलास शिकविणें कमीपणाचें मानिलें जातें. याचा परिणाम असा, कीं परदेशीं एकाच घरांत चार मुलें व दोन मुली राहिल्या तर चूल मुलींकडे येते. अभ्यास मात्र सर्वांस सारखाच असतो. ही चाल आम्हीं येथून निर्यात करूं नये. ज्या घरीं मुलगा पुढच्या वर्षीं जावयाचा आहे, त्या घरीं आठवड्यांतील दोन दिवस त्यानें सर्वांचा स्वयंपाक करावा, भांडीं घांसावीं, आणि बाजारांतून भाजी स्वतः निवडून आणावी. पहिले चार दिवस वरण करपेल. घरच्यांनीं तें मुकाट्यानें खावें. आणि मुलगी जावयाची असेल तर तिला सायंकाळनंतर बाहेर पडूं नको, नाटकास जाऊं नको, असा दम फोनवरून देऊं नये. ज्या मुलीवर आपण शेत तारण ठेवण्याइतका विश्वास टाकिला, तिला रात्रीच्या गाडीनें बिऱ्हाडीं परततां येईल एवढाही विश्वास टाकावा.

सामानाविषयीं एक सूचना. येसर, कारळाची व जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, हळद, काळा मसाला हें सर्व नीट बांधून नावें. येसराची आमटी दहा मिनिटांत होते व थंडींत तिच्यासारखें कांहीं नाहीं. डाळी तेथील तुर्की व हिंदी दुकानांत मिळतात, त्यांचें ओझें वाहूं नये. मात्र दुधाचे पदार्थ युरोपीय संघांत बाहेरून नेण्यास बंदी आहे, आणि विमानतळावर ते काढून टाकितात. तेव्हां आईनें कितीही प्रेमानें कढविलें असलें तरी तुपाचा डबा, पेढे व खवा घरींच ठेवावा.